मुंबई बघायला आलेल्या माणसानं बसायचं कुठं?

मुंबईचं पर्यटन ज्यांच्या हातात आहे त्या सर्वांना: महापालिकेत, मंत्रालयात, रेल्वेत, बेस्टमध्ये, पुरातत्त्व खात्यात, जिथं कुठं असाल तिथं,

स. न. वि. वि.

मी सोलापूरची. थंडी पडायला लागली की गल्लीतल्या, नात्यातल्या, भिशीतल्या सात-आठ बायका गोळा करायच्या आणि त्यांना मुंबई दाखवून आणायची, हा माझा बिनपगारी उद्योग. रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसनं निघायचं, सकाळी सीएसएमटीला उतरायचं, दिवसभर हिंडायचं आणि रात्री त्याच गाडीनं परत. दोन रात्री गाडीत, मधला दिवस शहरात, लॉजचा खर्च शून्य. ही काही माझ्या डोक्यातून निघालेली युक्ती नाही. देवगिरीनं येणारे मराठवाड्यातले, महालक्ष्मीनं येणारे कोल्हापूर-सांगलीचे, विदर्भ एक्सप्रेसनं येणारे नागपूरकडचे, सगळे हेच करतात. आता सोलापूरला वंदे भारतही येते. चांगली गाडी आहे. पण तिच्या एका तिकिटात आमची स्लीपरची तीन तिकिटं निघतात आणि वर मुंबईत रात्र काढायचा प्रश्न उरतोच.

हॉटेलच्या रजिस्टरात आमचं नाव नसतं, विमानतळावर आमची मोजदाद होत नाही. त्यामुळं तुमच्या हिशेबात आम्ही पर्यटक आहोत की नुसती गर्दी, याची मला शंका आहे. म्हणून हे पत्र.

तक्रार तिकिटांची नाही, हे आधीच सांगते. मुंबई महाग, असं आमच्याकडं सगळे म्हणतात. राहायला असेल, पण बघायला नाही. गाडीतून उतरल्याबरोबर माणूस जागतिक वारशाच्या आत उभा असतो. फ्रेडरिक स्टीव्हन्सनं १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षं खपून उभं केलेलं हे स्टेशन २००४ साली युनेस्कोच्या यादीत गेलं. बाहेर येऊन मागं वळून बघा म्हटलं की बायका घुमट नंतर बघतात, आधी दगडातले मोर आणि माकडं शोधतात. समोर त्याच स्टीव्हन्सची १८९३ सालची महापालिका. तिथून चालत हुतात्मा चौक. १०६ जणांनी ज्यासाठी जीव दिला त्या मुंबईत आपण पाहुण्यासारखे का वावरतो, असं एका मावशींनी तिथं मला विचारलं होतं. मला उत्तर सुचलं नाही, तुम्हाला सुचलं तर कळवा. पुढं ओव्हल मैदान: एका अंगाला हायकोर्ट, विद्यापीठ आणि प्रेमचंद रायचंदांनी आईच्या नावानं बांधलेला राजाबाई टॉवर, दुसऱ्या अंगाला गोलसर गॅलऱ्यांच्या आर्ट डेको इमारती. दोन्ही बाजू मिळून २०१८ साली वारसा ठरल्या, आणि मधल्या गवतावर पोरं क्रिकेट खेळतात. गेटवे फुकट. गांधीजी १९१७ ते १९३४ या काळात मुंबईत आले की जिथं उतरत ते गावदेवीचं मणिभवन फुकट. वाळकेश्वरचा बाणगंगा तलाव फुकट. लोकलचं तिकीट पाच रुपयांपासून, बेस्टचं दहापासून. बारा रुपयांत वातानुकूलित दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली तर आमच्यातल्या आज्यासुद्धा शाळकरी पोरी होतात. लोकलचं खास पर्यटक तिकीटही असतं, दुसऱ्या वर्गाचं एका दिवसाचं ७५ रुपयांना. ते आमच्याकडं फार थोड्यांना ठाऊक आहे.

राणीच्या बागेबद्दल तर मी तुमचे आभारच मानते. आईवडील आणि दोन मुलं मिळून १०० रुपयांत आत जातात. पेंग्विन आहेतच, पण मी बायकांना आधी दोन जुनी जनावरं दाखवते. घारापुरीच्या बेटावर जो दगडी हत्ती बघून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं, तो हत्ती आता भायखळ्याला आहे. इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले आणि उचलताना तो फुटला, मग इथं जोडून उभा केला. आणि काळा घोडा या ठिकाणाला ज्याच्यावरून नाव पडलं तो सातव्या एडवर्डचा घोडेस्वार पुतळा १९६५ पासून याच बागेत आहे. काळा घोडा चौकात सध्या उभा आहे तो २०१७ सालचा, बिनस्वाराचा. एवढा इतिहास, आणि भायखळ्याची लोकल पाच रुपये.

मग पैसा जातो कुठं? देहावर जातो. अंघोळ, पाणी, शौच, ओझं ठेवणं, बूड टेकणं. मुंबईत इतिहास स्वस्त आहे, शरीर महाग आहे.

सकाळपासून सुरू करते. रात्रभर स्लीपरमध्ये आडवं होऊन आलेल्या बाईला सगळ्यात आधी अंघोळ पाहिजे. प्रतीक्षालयात जायचं तर तिकिटाचा वर्ग विचारतात, आत रांग असते. एका मोठ्या स्टेशनवरच्या स्नानघराला आतून कडीच नव्हती; आम्ही आळीपाळीनं दार धरून उभ्या राहिलो. दुसरीकडं कडी होती पण कपडे अडकवायला खुंटी नव्हती, म्हणून कोरडी साडी एका हातात उंच धरून दुसऱ्या हातानं पाणी घ्यायचं. हे पुरुष अधिकाऱ्यांना हसण्यासारखं वाटेल, पण दिवसाची सगळी मजा या खुंटीवर टांगलेली असते. २०२१ साली मुंबई सेंट्रलला पॉड हॉटेल, म्हणजे झोपण्यापुरत्या कप्प्यांचं हॉटेल आलं, कौतुकाच्या बातम्या झाल्या. बारा तासांचा सुरुवातीचा दर माणशी ९९९ रुपये. आम्हाला बारा तास नको आहेत, पंधरा मिनिटं पाहिजेत. सीएसएमटी, दादर, कुर्ला टर्मिनस, मुंबई सेंट्रल आणि परळचा एसटी डेपो एवढ्या ठिकाणी वीस-तीस रुपयांत बादलीभर गरम पाणी, कडी, खुंटी आणि ओल न येणारा एक कोपरा. आम्ही आनंदानं पैसे देऊ.

मग पिशव्या. क्लोकरूम आहे, दरही वाजवी आहे. पण सामानाला कुलूप पाहिजे हा नियम. आमच्याकडं कापडी पिशवी, वायरची पिशवी, धपाटे-चटणीचा डबा बांधलेलं गाठोडं. गाठोड्याला कुलूप लावायचं कुठं? नियम का आहे तेही कळतं, २००८ च्या हल्ल्यानंतर सीएसएमटीची काळजी कुणाला नसेल! तर तिथंच नंबर घातलेलं जाड पोतं ठेवा, आमच्या देखत पिशवी त्यात घाला, तोंडाला सील लावा आणि दहा रुपये जास्त घ्या. नाहीतर होतं काय, की बाई काखेत सहा किलोचं ओझं घेऊन राजाबाई टॉवर बघते. म्हणजे बघत नाहीच, खांदा बदलते.

आता बसायचं. दुपारी बारा ते चार या वेळात फोर्टात, म्हणजे या शहरातल्या सगळ्यात जुन्या, सगळ्यात देखण्या भागात, पन्नाशीच्या पुढच्या बाईनं काही विकत न घेता सावलीत कुठं बसावं? इमारतीच्या पायरीवर टेकलं की वॉचमन येतो. एका बागेत आम्ही चादर पसरून डबे उघडले तर रखवालदार म्हणाला, इथं जेवायची परवानगी नाही, बाहेर हॉटेल आहे. हॉटेल होतं खरं. तिथल्या एका चहाच्या पैशात आमच्यातल्या चौघींनी वडापाव खाल्ले असते. मरीन ड्राइव्हचा कट्टा मोकळा आहे, पण भर दुपारी तो तव्यासारखा तापतो. जेवणाचं म्हणाल तर फार काही मागत नाही. वडापाव, उसळपाव, राइसप्लेट, मुंबईनं गरिबाला उपाशी ठेवलेलं नाही आणि धपाटे आमच्याकडं असतातच. ते खायला सावलीतला ओटा द्या.

ओट्यावरून कान्हेरीची आठवण होते. तुमच्या बोरिवलीच्या जंगलात शंभराहून जास्त लेणी आहेत, इसवीसनाच्या आसपास सुरू झालेली. कल्याण, सोपारा, नाशिककडच्या व्यापाऱ्यांनी आणि गृहस्थांनी दान दिलं, त्यांचे शिलालेख भिंतींवर आहेत. तिथल्या खोल्या नीट बघा. बहुतेक ठिकाणी दोन गोष्टी सापडतात: बसायला-निजायला दगडात सोडलेला ओटा आणि दारापाशी खोदलेलं पाण्याचं टाकं. डोंगरावरून वाहणारं पावसाचं पाणी चरांमधून वळवून या टाक्यांत आणलंय. दोन हजार वर्षांपूर्वी या बेटावर दगड फोडून जी सोय केली, ती आज फोर्टात सिमेंटमध्ये करायला कुणाची परवानगी लागते ते मला माहीत नाही. तुम्हाला माहीत असणार.

पाण्याची गोष्ट तर त्याहून सोपी आहे, कारण सोय बांधून तयार आहे. एकोणिसाव्या शतकापासून मुंबईतल्या दानशूर शेठ लोकांनी आईवडलांच्या, लेकराबाळांच्या नावानं रस्त्यारस्त्यावर दगडी पाणपोया बांधल्या. भात बाजारातली केशवजी नाईकांची १८७६ सालची पाणपोई म्हणजे छोटं देऊळच वाटतं. माणसांना पाणी, खाली बैलाघोड्यांसाठी हौद, वर कबुतरांची सोय. गोदीतले हमाल, बैलगाडीवाले, परगावचे व्यापारी, या सगळ्यांसाठी. अशा डझनावारी पाणपोया शहरात आहेत. काहींची अलीकडं सुरेख दुरुस्ती झाली, त्याबद्दल शाबासकी. पण कितीतरी कोरड्या पडल्यात, काहींचा चौथरा दुकानदारांना माल टेकवायला कामी येतो. वारसा म्हणून त्यांचे फोटो काढण्याआधी त्यांना नळ जोडा. पाणपोईतून पाणी येणं हेच तिचं जतन. आम्ही वीस रुपयांच्या बाटल्या घेत फिरतो त्या वाटेवर या वास्तू उभ्या आहेत.

अर्थात पाणी मिळालं तरी बायका ते पिणार नाहीत, हेही सांगून ठेवते. कारण उघड आहे. सकाळी घोटभर चहा घेतलेली बाई परत गाडीत बसेपर्यंत जेमतेम तांब्याभर पाण्यावर दिवस काढते, कारण शौचालय कुठं असेल, असलं तर उघडं असेल का, उघडं असलं तर पाय ठेवण्यासारखं असेल का, याचा भरवसा नाही. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून पैसे, या अन्यायावर मुंबईतल्याच बायकांनी २०११ पासून ‘राइट टू पी’ म्हणून मोहीम चालवली. ती या शहरात राहणाऱ्या बायकांची मागणी होती. त्यांना निदान कोणत्या ऑफिसात, कोणत्या ओळखीच्या दुकानात जाता येईल ते ठाऊक असतं. पाहुणीला तेही नाही. नवी भुयारी मेट्रो सुरू झाल्यापासून मी एक युक्ती करते: हुतात्मा चौक, चर्चगेट, सीएसएमटी अशी स्टेशनं धरूनच फिरायचा रस्ता आखते, म्हणजे गरज पडली तर दहा रुपयांचं तिकीट काढून आत जाता येतं. वारसा बघण्याचा नकाशा शौचालयांवरून आखावा लागतो, हे तुम्ही पर्यटन पुस्तिकेत छापणार नाही, म्हणून मी इथं लिहिते.

घारापुरीबद्दल थोडं सविस्तर लिहावं लागेल. सहाव्या शतकातलं लेणं, वीस फुटी सदाशिव, १९८७ पासून जागतिक वारसा. लेण्याचं तिकीट ४० रुपये, पंधरा वर्षांखालच्या मुलांना तेही नाही. पुरातत्त्व खात्यानं दार एवढं उघडं ठेवलंय. पण दारापर्यंत जायचं तर गेटवेहून बोट, आणि बोटीला माणशी अडीचशेच्या पुढे. ग्रामपंचायतीचा कर वेगळा. चौघांच्या कुटुंबाला देवाच्या दर्शनापेक्षा नावाड्याची दक्षिणाच हजारभर. बोटवाल्यांवर माझा राग नाही. डिझेल, तांडेल, खलाशी, पावसाळ्यात बसून राहणं, हे सगळं त्यातूनच निघतं. पण भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला आणि रेवसला रोजच्या प्रवाशांच्या लाँचा जातात त्या याच बंदरातून, याच समुद्रावरून, कितीतरी कमी पैशात. मग आठवड्यातून एखादा दिवस घारापुरीसाठी सवलतीच्या फेऱ्या ठेवता येणार नाहीत का? एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पंच्याहत्तरीच्या पुढं तर सगळंच माफ आहे. त्या एका निर्णयानं आमच्या भागातल्या किती बायका पहिल्यांदा तुळजापूरच्या पुढं गेल्या ते बघायला तुम्ही एखाद्या दुपारी सोलापूरच्या स्टँडवर उभं राहायला हवं. बोटीला अर्धं नको, एक चतुर्थांश सूट द्या. बेटावरच्या माणसांचंही भलं होईल. तिथं वीज पोहोचायला २०१८ साल उजाडलं, तर गिऱ्हाईक थोडं जास्त पोहोचलेलं त्यांना नकोय असं नाही. आणि डोलीवाल्यांचे दर जेट्टीवरच मोठ्या अक्षरांत लिहा, पायऱ्यांच्या मध्यावर घासाघीस करताना दोन्ही बाजूंना लाज वाटते.

माहितीचंही तसंच. सोमवारी घारापुरी आणि कान्हेरी बंद. बुधवारी राणीची बाग बंद. हे कळतं ते तिथं जाऊन. चारशे-साडेचारशे किलोमीटर प्रवास करून सोमवारी गेटवेवर उभी राहिलेली मंडळी मी स्वतः बघितली आहेत. जालन्याकडची असावीत, बोलण्यावरून. फलाट संपतो तिथं एक फळा लावा. आज कोणता वार, काय उघडं, काय बंद, तिकीट किती, कोणती बस. मराठीत, हाताएवढ्या अक्षरांत, रोज सकाळी पुसून लिहिलेला खडूचा फळा चालेल. ॲप नको. मलबार हिलवर झाडांमधून जाणारी उंच पायवाट तुम्ही २०२५ मध्ये खुली केली. तिकीट २५ रुपये, आम्हाला परवडतं. पण वेळ आधी ऑनलाइन नोंदवायची, त्यासाठी फोन, त्यात रिचार्ज, त्यात पैसे भरायची सोय, आणि मग दिलेल्या वेळेला पोहोचायचं. बाणगंगेवर एखादी रमली की गेली वेळ. थोडी तिकिटं खिडकीवर ठेवा. वारसा दाखवणाऱ्या फेऱ्याही शनिवार-रविवारी होतात, बहुतेक इंग्रजीत, आणि फी अशी की आमचा दोन्ही वेळचा रेल्वेखर्च त्यात निघावा. महिन्यातून दोनदा एक मराठी फेरी फुकट ठेवा. सांगणारी कॉलेजची पोरं मिळतील, त्यांना मानधन द्या. जगन्नाथ शंकरशेट कोण, भाऊ दाजी कोण, फोर्टात फोर्ट कुठाय (तट १८६० च्या दशकात पाडला, हे कळल्यावर सगळ्या हिरमुसतात), हे कुणीतरी आपल्या बोलीत सांगितलं की बाई घरी जाऊन चार जणींना सांगते.

राहण्याबद्दल शेवटी लिहिते, कारण तो प्रश्न सगळ्यात अवघड आहे आणि मला त्याचं सोपं उत्तर दिसत नाही. महात्मा फुले मंडईजवळचं सरदारगृह तुम्हाला माहीत असेल. परगावच्या लोकांसाठीचं ते लॉज. लोकमान्य मुंबईत आले की तिथं उतरत, आणि १ ऑगस्ट १९२० ला तिथंच गेले. म्हणजे एके काळी गिरगाव, माधवबाग, काळबादेवीच्या भागात परगावच्या साध्या माणसाला उतरायला जागा होत्या, काही धर्मशाळा अजूनही आहेत. पण तिथं समाज विचारतात, ओळख विचारतात, एकट्या बाईला नाही म्हणतात. हजार रुपयांच्या आतल्या खोलीला जुलै २०२२ पर्यंत जीएसटी नव्हता, तो लागला. आता ५ टक्के आहे. पैशापेक्षा मला त्यातला विचार खटकला. स्वस्त खोली ही चैन नसते. महापालिकेच्या शाळा दिवाळीत आणि मे महिन्यात रिकाम्या असतात. एक शाळा, दोन वर्ग, सतरंज्या, एक महिला शिपाई, रात्रीचे दीडशे रुपये. निदान एका मोसमात करून बघा, नाही जमलं तर बंद करा.

जमणार नाही असं मात्र म्हणू नका, कारण ६ डिसेंबर मी बघितलाय. चैत्यभूमीवर लाखो माणसं येतात, बहुतेक गरीब, बहुतेक आमच्याच बाजूची. आणि शिवाजी पार्कवर मांडव उभा राहतो, पाण्याचे टँकर येतात, फिरती शौचालयं, अंघोळीची सोय, दवाखाना, मोबाइल चार्ज करायचे बोर्ड, सगळं येतं. माहितीची पुस्तिकासुद्धा निघते. त्यात उणिवा असतात, पण हे शहर ठरवलं की हॉटेलाशिवाय लाखो पाहुण्यांना दोन-तीन दिवस सांभाळतं. मी मागते आहे ते त्याच्या शंभराव्या हिश्शाएवढंही नाही, फक्त बाकीच्या दिवसांसाठी आहे.

येत्या थंडीत आम्ही येणारच आहोत. तुमच्यापैकी कुणीतरी, शक्यतो बाई अधिकारी, एक दिवस आमच्याबरोबर हिंडावं अशी विनंती आहे. गाडी, ड्रायव्हर, ओळखपत्र घरी ठेवायचं, जवळ ३०० रुपये घ्यायचे आणि एक पिशवी, बिनकुलपाची. मंगळवार सोयीचा पडेल, त्या दिवशी सगळं उघडं असतं. सकाळी सिद्धेश्वर लागते त्या फलाटाच्या टोकाला भेटू. धपाटे आम्ही आणतो.

कळावे,
आपली,
सोलापूरची एक पाहुणी